काकूंची उघडी हेराल्ड : फॅक्टरीची की वरातीची?

मागच्या आठवड्यात जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीवर चार ओळी टाकल्या होत्या. त्यावर इनबॉक्समध्ये बरेच मेसेज आले. बहुतेकांचा प्रश्न एकच, "आमच्या घरी जुनी उघडी गाडी आहे, ती ओरिजिनल आहे का हे कसं ओळखायचं?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा आमच्या गल्लीत काय झालं तेच सांगतो. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट गाडीची असली तरी मुद्दा सगळ्यांच्या कागदपत्रांचा आहे.

भवानी पेठेत आमच्या घरामागे काकूंचं कारखान्याचं शेड आहे. सख्ख्या काकू नव्हेत, पण लहानपणी त्यांच्याच ताटात जेवलोय. शेडमध्ये पूर्वी आठ लूम खटखटायचे, आता दोन चालतात. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काकांची उघडी मोटार. पूर्व भागात चाळिशीच्या पुढचा कुणीही विचारा, "वरातीची गाडी" म्हटलं की ओळखेल. १९८४ पासून पुढं वीसेक वर्षं निम्म्या गल्लीचे नवरदेव त्याच गाडीत बसले. माझ्या थोरल्या भावाचीही वरात त्याच गाडीतून निघाली, पुढं बँड आणि मागं आम्ही पोरं ढकलायला. कारण चढ आला की ती बंद पडायची.

काका सांगायचे, "ही विलायती ट्रायम्फ आहे. फॅक्टरीतूनच उघडी आलेली. अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही." आम्ही मानलं. कोण तपासतंय?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत काका गेले. मागं राहिलं लूमचं कर्ज. काकूंचा मुलगा, आमचा दादा, हप्ते भरून मेटाकुटीला आलेला. अशात पुण्याचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आला. ताडपत्री काढून फोटो काढले आणि म्हणाला, "इंग्लंडची फॅक्टरी कन्व्हर्टिबल असेल तर बारा लाख देतो. साधी मद्रासची हेराल्ड असून छत उडवलेली असेल तर दोन. तपासून ठेवा." दादाला माझा या गाड्यांचा नाद माहीत होता. म्हणाला, "तूच बघ की. तुझ्या पोस्टी वाचतात लोक, एक कागद लिहून दे म्हणजे झालं."

दहा लाखांचा फरक, आणि तो ठरणार होता मी काय लिहितो त्यावर. त्या रात्री झोप नीट लागली नाही, हे खरं सांगतो.

आधी गाडीबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढच्या बाजूला उलटतं, इंजिन दोन्ही बाजूंनी मोकळं. गाडी इतक्या कमी जागेत वळते की आमच्या गल्लीतसुद्धा एका दमात फिरायची. आणि महत्त्वाची गोष्ट ही की त्या काळात बहुतेक गाड्या एकसंध पत्र्याच्या होऊ लागल्या होत्या, तेव्हा हेराल्डला खाली वेगळी चासी आणि वर बोल्टने जोडलेले बॉडीचे तुकडे होते. छतसुद्धा बोल्टवर. त्यामुळे एकाच सांगाड्यावर कंपनीने सलून, कूपे, इस्टेट आणि १९६० पासून कापडी हूडवाली कन्व्हर्टिबल काढली. हीच चासी आखूड करून १९६२ साली 'स्पिटफायर' ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार निघाली.

आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६१ पासून 'स्टँडर्ड हेराल्ड' बनवली. इंजिन ९४८ सीसीचं. पुढं चार दारांची हेराल्ड निघाली, ती खास भारतासाठी. १९७० च्या आसपास तिची जागा 'गझेल'ने घेतली आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो कारखानाच बंद पडला.

आता गोम कळली का? छत बोल्टवर आहे म्हणजे पाना असलेला कुणीही माणूस दुपारी सलून घेऊन बसला की संध्याकाळी उघडी गाडी तयार. इंग्लंडमध्येसुद्धा अशा केलेल्या हेराल्ड भरपूर आहेत.

आणि हा प्रश्न एकट्या हेराल्डचा नाही. जगभर उघड्या स्पोर्ट्स गाड्यांमध्ये हाच घोळ आहे. ऑस्टिन-हीली १०० ही गाडी घ्या. तिची 'एम' आवृत्ती कंपनीने स्वतः तयार केली ती फक्त ६४०. पण त्याच बदलांचं किट कंपनी सुटंही विकत होती आणि डीलर ते साध्या गाडीला बसवून देत होते. दोन्हींच्या बॉनेटवर पट्टा, दोन्हींना झडपा. शेजारी उभ्या केल्या तर फरक दिसत नाही, किमतीत मात्र मोठा फरक. एमजी एमजीएची 'ट्विन कॅम' २,१११ निघाली. तिच्या चासी नंबरची सुरुवातच वेगळी आहे. सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचं व्ही-८ इंजिन टाकून 'टायगर' निघाली, तीही सुमारे सात हजारच. मग लोकांनी साध्या अल्पाइनला तसंच इंजिन टाकून टायगर म्हणून विकायला सुरुवात केली. शेवटी तिथल्या क्लबला जाणकार नेमून एकेक गाडी तपासून दाखला द्यायची पद्धत सुरू करावी लागली.

या सगळ्यांतून तपासण्याचा जो क्रम निघतो, तो साधा आहे. आधी नंबर, मग कागद, मग पत्रा, आणि सगळ्यात शेवटी गोष्ट. आपण बरोबर उलटं करतो. आधी गोष्ट ऐकतो, मग बाकीचं त्यात बसवतो.

आपण सोलापूरकरांना हे नवं नाही. चादर हातात घेतली की आपण काय बघतो? कडेला नाव आहे का, आणि ते विणलेलं आहे की चिकटवलेलं. स्टिकर कुणीही लावतो. बाहेरून आलेल्या मालावर 'सोलापुरी' लिहून विकलेलं आपण रोज बघतोय. विणलेलं नाव मात्र धाग्यात असतं, ते काढायचं तर चादर उसवावी लागते.

तर रविवारी सकाळी आमच्या ओळखीच्या मेस्त्रीचाचांना घेऊन शेडमध्ये गेलो. वय सत्तरच्या पुढं, पण हेराल्डचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह बोलतोय ते सांगतील.

मी आधी सीटच्या मागे डोकावलो. फॅक्टरीच्या कन्व्हर्टिबलला कापडी हूड घडी होऊन बसायला तिथं जागा असते, हूडच्या दांड्या फिरायला दोन्ही बाजूंना घट्ट बसवलेले सांधे असतात, आणि पुढच्या काचेच्या चौकटीवर हूड अडकवायच्या कड्या असतात. इथं दांड्या होत्या, पण त्या बैलगाडीच्या टपासारख्या वाकवलेल्या लोखंडी सळ्या. काचेच्या चौकटीवर कड्यांच्या ऐवजी बोल्टची भोकं, पुट्टीने बुजवलेली.

मी म्हणालो, "चाचा, झालं की मग. छत काढलेलं आहे."

चाचा म्हणाले, "काय बे, एवढ्यावर ठरवतोस? उद्या कुणी खऱ्या गाडीवर पत्र्याचं छत बसवून परत काढलं असलं तर? हूड सडलं म्हणून कुणी नवं केलं असलं तर? पत्रा बोलतो, पण अर्धं बोलतो. नंबर बघ."

बॉनेट उलटं केलं. इंग्लंडच्या हेराल्डला तिथं आतल्या बाजूच्या पत्र्यावर एक पट्टी असते आणि नंबरच्या शेवटी प्रकाराची अक्षरं असतात. कन्व्हर्टिबल असेल तर 'सीव्ही', सलून असेल तर 'डीएल'. आमच्या गाडीच्या पट्टीवर रंगाचे चार थर. वरातीच्या प्रत्येक सीझनला काका नवा रंग मारायचे. चाचांनी थिनर लावून कापडाने हळूहळू पुसलं. पॉलिश पेपर लावू दिला नाही. म्हणाले, "अक्षर गेलं तर गाडीचा जन्मदाखला गेला."

लाल गेला, पांढरा गेला, मग निळा. खाली अक्षरं उमटली. सीव्ही नाही, डीएल नाही. मद्रास.

कार्ब्युरेटरही एकच होता. इंग्लंडच्या सुरुवातीच्या उघड्या हेराल्डला दोन असायचे. पण चाचांच्या भाषेत सांगायचं तर "इंजिनावरच्या वस्तू म्हणजे बाजारातला भाजीपाला, कधीही बदलतो." म्हणून मी तो पुरावा धरला नाही.

राहिला कागद. काकूंनी पेटी उघडली. शालूच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत आरसी बुक. पानं पिवळी, पण शिक्के वाचता येतात. साल १९६७. बनावट स्टँडर्ड. बॉडीच्या प्रकाराच्या रकान्यात शाईने लिहिलेलं : सलून.

शेडमध्ये कुणी बोललं नाही. दोन लूम चालू होते तेवढाच आवाज.

काकू बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे हे खोटं सांगत होते?"

मला काय बोलावं कळेना. मग त्याच म्हणाल्या, "अगं बाई. मला कसं आठवलं नाही? ब्याऐंशी साली अक्कलकोटहून माहेराहून येत होतो. हा दादा तीन महिन्यांचा. वाटेत असला पाऊस लागला! आणि मी बाळाला घेऊन मागं बसलेले, एक थेंब अंगावर नाही. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. ताशा वाजावा तसा."

कापडावर पाऊस तसा वाजत नाही. गाडीला छत होतं, आणि काकूंनी त्याखाली प्रवास केला होता. नंतर वरातीच्या धंद्यासाठी काकांनी ते काढलं, भाडं बरं मिळावं म्हणून "विलायती" म्हटलं, आणि वीस वर्षं तेच सांगता सांगता बहुतेक त्यांनाही ते खरं वाटू लागलं असावं. यात कुणाला फसवायचा हेतू मला दिसत नाही. नवरदेवाला वरात हवी होती, ती मिळाली. पण वरातीच्या भाड्यापुरती चालणारी गोष्ट बारा लाखांच्या सौद्यात चालत नाही.

मी दादाला सांगितलं, "फॅक्टरीची कन्व्हर्टिबल नाही. तसं लिहून देता येणार नाही."

दादा चिडला. त्याचंही चूक नव्हतं. "खरं सांगून बँकेचा हप्ता भरता येतो का रे?" म्हणाला आणि उठून गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्यात व्यापाऱ्याचा फोन. त्याला हकीकत सांगितली तर हसला. "एवढंच ना? माझ्याकडे इंग्लंडच्या भंगार झालेल्या गाडीची सीव्हीवाली पट्टी आहे. चार रिव्हेट मारायचे. आरसीमध्ये बॉडीचा रकाना कोण वाचतंय? तुम्ही फक्त इतिहास लिहून द्या. बारा नाही, दहा देतो."

फोन स्पीकरवर होता. काकू शेंगा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्याकडं नाव विणतात, चिकटवत नाहीत." मी तसंच सांगितलं आणि फोन ठेवला.

इथं थांबून कायद्याचं सांगतो, कारण पुष्कळांना माहीत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. राज्य पातळीवरची समिती गाडी बघून ठरवते. नव्याने नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. नव्याने नोंदलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, म्हणजे वरातीचं भाडंही नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरसीतला तपशील आणि कंपनीने दिलेलं मूळ रूप यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. आणि दुसऱ्या गाडीची पट्टी आपल्या गाडीला ठोकणं ही सरळ सरळ फसवणूक आहे, त्याला हौस म्हणत नाहीत.

म्हणजे गाडी "फॅक्टरीतून कशी निघाली" हा आता फक्त शौकिनांच्या गप्पांचा विषय उरलेला नाही. त्यावर सरकारी शिक्का अवलंबून आहे आणि शिक्क्यावर किंमत. जिथं किंमत आली तिथं चार रिव्हेटवाले आलेच.

पुढची गंमत चाचांनी केली. आरसी बुक परत परत वाचून म्हणाले, "काकू, छत बोल्टवरचं होतं ना? कापलेलं नाही, काढलेलं आहे. मग ते गेलं कुठं? तुमच्या यजमानांनी आयुष्यात एक खिळा तरी टाकून दिला होता का?"

खरंच, काका काहीच टाकायचे नाहीत. शोधाशोध सुरू झाली. शेडचा माळा, जिन्याखालची जागा, गच्ची. शेवटी परसात बंबाच्या लाकडांवर झाकण म्हणून जे पत्र्याचं डबडं आम्ही लहानपणापासून बघत होतो, ज्यावर बसून पतंग उडवलेत, ते दोघांनी उचलून उलटं केलं. आतल्या बाजूला हेराल्डच्या अस्तराची चिंधी अजून चिकटलेली. मागची काच नाही, कडा गंजलेल्या. पण बोल्टची जागा जिथल्या तिथं.

दादा त्या दिवशी चार दिवसांनी पहिल्यांदा हसला. चौघांनी छत उचलून गाडीवर टेकवलं. भोकावर भोक बसलं. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. बराच वेळ बसून होत्या.

आता गाडी बारा लाखांची नाही. पण १९६७ ची, दोन दारांची मद्रास हेराल्ड, मूळ पट्टी, मूळ कागद, आणि चाचा गंज काढतायत ते मूळ छत. कागदावर सलून आणि डोळ्यांसमोरही सलून. छत पक्कं बसलं की अर्ज करणार आहोत. समिती काय म्हणेल ते तिच्या हातात. लूमचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतोच आहे आणि दादा तो कसाबसा भरतोय. हे लपवून "सत्याचा विजय झाला" वगैरे मी लिहिणार नाही.

पण एक गोष्ट मनात राहिली. आमच्या बाबतीत पट्टी वाचता आली, काकूंनी आरसी बुक जपलं, म्हणून निकाल लागला. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी काय करायचं? इंग्लंडमध्ये गेडन इथं ब्रिटिश मोटार संग्रहालय आहे. तिथं जुन्या कारखान्यांच्या उत्पादनाच्या वह्या जपल्या आहेत. नंबर कळवला, फी भरली की गाडी कधी, कुठल्या रंगात, कुठल्या प्रकारात बाहेर पडली याचा दाखला मिळतो. आपल्याकडे कारखाना बंद पडला की वह्या रद्दीत जातात. आरसीची प्रत मिळवण्यासाठी मी एकदा दुसऱ्याच एका गाडीसाठी एका कार्यालयात गेलो होतो. जुनं रजिस्टर ज्या कपाटात होतं त्याला गळतीचं पाणी लागलेलं, पानांचा लगदा झालेला. तिथला कर्मचारी बिचारा हताशपणे म्हणाला, "साहेब, माणसाचे दाखले सांभाळताना आमची पुरेवाट होते, गाडीचे कुठून सांभाळू?"

म्हणून मागणी साधी आहे. राज्यातल्या सगळ्या परिवहन कार्यालयांमधली हाताने लिहिलेली जुनी नोंदणी रजिस्टरं स्कॅन करा. त्यात बॉडीचा प्रकार, साल, चासी नंबर सगळं आहे. व्हिंटेज नोंदणीची फी घेता, तर त्यातला थोडा भाग या वह्यांवर खर्च होऊ द्या. नाहीतर समितीसमोर येणाऱ्या गाडीची मूळ ओळख कशाशी ताडून बघणार? व्यापाऱ्याने लिहून आणलेल्या इतिहासाशी?

आणि आपल्यासाठी चार गोष्टी. जुनी गाडी असेल तर आरसी बुकाचे सगळ्या पानांचे फोटो आजच काढा. नंबरच्या पट्टीवर रंग मारू नका, पॉलिश पेपर तर अजिबात नको. काढलेला कुठलाही भाग भंगारात देऊ नका. आणि चार दारांची उघडी हेराल्ड कुणी "फॅक्टरी ओरिजिनल" म्हणून विकायला आणली तर चहा पाजा आणि परत पाठवा. फॅक्टरीने तशी काढलेलीच नाही.

कुणाकडे दोन दारी हेराल्डची मागची काच असेल तर कळवा. काकू म्हणतायत, यंदा पावसाळ्यात अक्कलकोटला जायचंय.